शीट क्रमांक १०२६

१९८१ च्या वसंतात वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज हवाई तळावरचं एक हँगर चित्रांनी भरून गेलं होतं. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मारकासाठी खुली स्पर्धा जाहीर झाली होती आणि तिच्यासाठी १,४२१ प्रवेशिका आल्या होत्या. शीटवर कुणाचंही नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. पिएत्रो बेलुस्की आणि हॅरी वीज यांच्यासारखे नामवंत वास्तुरचनाकार, हिदेओ सासाकी आणि गॅरेट एकबो हे उद्यानरचनाकार आणि काही शिल्पकार असे आठ परीक्षक त्या रांगांमधून दिवसचे दिवस फिरत होते.

१०२६ क्रमांकाच्या शीटवर नजरेत भरण्याजोगं फारसं काही नव्हतं. मऊ पेस्टल रंगांत काढलेली जमीन आणि तिच्यात रुतलेला, मधे कोन करून वळलेला एक काळा आकार. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलानंही याहून सफाईदार शीट केलं असतं. पण सोबत हातानं लिहिलेलं एक टिपण होतं, आणि ते वाचून झाल्यावर तोच काळा आकार वेगळा दिसायचा. परीक्षक त्या शीटपाशी पुन्हा पुन्हा येत राहिले. अखेर त्यांनी एकमतानं तेच निवडलं. मग क्रमांकामागचं नाव उघड झालं: माया यिंग लिन, वय २१, येल विद्यापीठात आर्किटेक्चर शिकणारी, पदवी अजून हातात न पडलेली विद्यार्थिनी.

ही कल्पना जन्मली होती वर्गातल्या एका असाइनमेंटमधून.

येलमध्ये त्या वर्षी थडगी आणि स्मारकं यांच्या वास्तुरचनेवर एक वर्ग चालू होता. मृत्यूला माणसं इमारतीच्या भाषेत कसं सामोरं जातात, हा त्याचा विषय. माया त्या वर्गात होती. स्पर्धेची जाहिरात एका वर्गमित्राच्या पाहण्यात आली आणि वर्गानं तोच विषय शेवटच्या प्रकल्पासाठी घेतला. १९८० च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, ती काही मित्रांबरोबर साइट पाहायला गेली. साइट म्हणजे लिंकन स्मारकाजवळचं हिरवळीचं मोकळं मैदान. थंडीचे दिवस होते, तरी माणसं खेळत-बागडत होती. ती हिरवळ मोडावी असं तिला वाटेना. तिथेच तिला सुचलं, की इथे काही उभारायचंच नाही. जमिनीला एक छेद द्यायचा, कडा उघडी करायची आणि ती घासूनपुसून आरशासारखी करायची. जखम भरते, पण व्रण राहतो, तसं. परत आल्यावर विद्यापीठाच्या भोजनगृहात तिनं बटाट्याच्या लगद्यातच त्याचं पहिलं मॉडेल घडवलं. त्या प्रकल्पाला वर्गात ‘बी’ श्रेणी मिळाली.

इतक्या लहान वयात इतका ठाम निर्णय कुठून आला, हे समजून घ्यायचं तर तिचं घर पाहावं लागतं. ओहायो राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं छोटं गाव. आईवडील दोघंही चीनमधून आलेले आणि या गावातल्या विद्यापीठात शिकवणारे. वडील हेन्री लिन कुंभकलेतले जाणकार, पुढे कलाशाखेचे प्रमुख. आई ज्युलिया लिन कवयित्री आणि साहित्याच्या प्राध्यापिका. मायाचं बालपण वडिलांच्या स्टुडिओतल्या मातीत गेलं. शाळेत असतानाच विद्यापीठाच्या ओतशाळेत जाऊन ती ब्राँझचं ओतकाम करायची. हातांना वस्तूचं वजन कळणं आणि कानांना शब्दाचं वजन कळणं, या दोन्ही गोष्टी तिला घरातच मिळाल्या. येलमध्ये आर्किटेक्चर आणि शिल्पकला यांपैकी एकच निवड, असा आग्रह तिला ऐकावा लागला. तिनं तो कधीच पूर्णपणे मानला नाही. शिकत असताना ती काही महिने कोपनहेगनलाही होती. त्या शहरातल्या नॉरेब्रो भागात एक मोठी दफनभूमी आहे आणि लोक तिथे बागेत जावं तसे फिरायला जातात. मृतांच्या शेजारी बसून उन्हं खाण्यात तिथे कुणाला काही वावगं वाटत नाही. वॉशिंग्टनची हिरवळ न मोडण्याच्या निर्णयात या अनुभवाचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

आणखी दोन धागे येलमधलेच. तिथल्या एका सभागृहाच्या दालनात युद्धांत मेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत. मायाच्या विद्यार्थिदशेत व्हिएतनाममध्ये गेलेल्यांची नावं तिथे कोरली जात होती आणि येता-जाता ती त्या अक्षरांवरून बोटं फिरवायची. दुसरा धागा वास्तुकलेच्या इतिहासाचे प्रसिद्ध अध्यापक विन्सेंट स्कली यांच्या व्याख्यानांचा. फ्रान्समधल्या थिपवालच्या स्मारकावर ते तन्मयतेनं बोलत. पहिल्या महायुद्धात ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा ७२ हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्या कमानींवर आहेत. रचनाकार एडविन लट्यन्स. आपल्याला ते नवी दिल्लीमुळे माहीत आहेत. तिथल्या इंडिया गेटवरही त्यांनी तेरा हजारांहून अधिक नावं कोरवून घेतली. पण इंडिया गेटवरची बरीचशी नावं इतकी उंच आहेत, की खाली उभ्या माणसाला ती वाचता येत नाहीत. मायानं नावं माणसाच्या हाताला लागतील इतकी जवळ आणली.

तिच्या कामातला सगळ्यात कसदार भाग या नावांच्या क्रमात आहे.

दोन भिंती १२५ अंशांच्या कोनात भेटतात. एकीचं टोक लिंकन स्मारकाकडे, दुसरीचं वॉशिंग्टन स्मारकाकडे. टोकापाशी भिंत घोट्याएवढी असते. उतारावरून चालत जावं तशी ती वाढत जाते आणि कोपऱ्यात सुमारे दहा फुटांची होते. नावं आहेत मृत्यूच्या तारखेप्रमाणे. सुरुवात टोकाला होत नाही, कोपऱ्यात होते. १९५९ चं पहिलं नाव कोपऱ्याच्या उजव्या हाताला वरती आहे. तिथून नावं पूर्वेच्या टोकापर्यंत जातात, जमिनीत विरतात, पश्चिमेच्या टोकाला पुन्हा वर येतात आणि १९७५ मधलं शेवटचं नाव त्याच कोपऱ्यात, पहिल्याच्या शेजारच्या पाटीवर तळाशी येऊन थांबतं. युद्धाचा आरंभ आणि शेवट एकमेकांना भिडतात. वाचणारा दोन्हींच्या मधे उभा असतो.

या क्रमाला विरोध झाला. आपला माणूस चटकन सापडावा म्हणून नावं वर्णानुक्रमे लावा, अशी माजी सैनिकांची मागणी होती, आणि वरवर पाहता ती रास्तच होती. पण संरक्षण खात्याची यादी उघडल्यावर दिसलं, की स्मिथ आडनावाचेच सहाशेहून अधिक जण त्यात आहेत. वर्णानुक्रमे लावली असती तर ती टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. तारखेच्या क्रमात एका चकमकीत एकत्र पडलेले सोबती भिंतीवरही एकत्र राहतात. त्या दिवशी तिथे असलेला, जिवंत परतलेला सैनिक स्वतःचा दिवस शोधू शकतो. नाव सापडावं यासाठी जवळच वर्णानुक्रमाची पुस्तकं ठेवलेली असतात. त्यात प्रत्येक नावापुढे पाटी आणि ओळ दिलेली असते. प्रत्येक नावाशेजारी एक खूणही आहे. चौकट म्हणजे मृत्यूची खात्री, अधिकचं चिन्ह म्हणजे बेपत्ता. बेपत्ता माणसाचे अवशेष ओळखले गेले, तर त्या अधिकवर चौकट कोरतात. तो जिवंत परतला, तर भोवती वर्तुळ काढायचं असं ठरलं आहे. ते वर्तुळ आजवर काढावं लागलेलं नाही.

टिपण लिहायला रचना करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, असं तिनं पुढे सांगितलं. आर्किटेक्चर शिकणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात घ्यावं. आपल्याकडेही ज्युरीच्या आदल्या रात्री शीट रंगवण्यात पहाट होते आणि कॉन्सेप्ट नोट सकाळी घाईघाईत खरडली जाते. मायाच्या शीटवर शब्दांनी चित्राइतकंच वजन पेललं होतं. त्यात तिनं आकाराचं वर्णन फार केलं नाही, चालणाऱ्या माणसाला काय काय दिसत जाईल ते लिहिलं.

निकालानंतरचं वर्ष मात्र तिची खरी परीक्षा पाहणारं होतं. एका माजी सैनिकानं जाहीर सुनावणीत या रचनेला शरमेची काळी जखम म्हटलं आणि ते शब्द वर्तमानपत्रांनी उचलून धरले. काळा रंग कशाला, जमिनीच्या खाली कशाला, पुतळा का नाही, असे प्रश्न येत राहिले. ती आशियाई वंशाची आहे यावरूनही तिला बोचरं बोललं गेलं. तेव्हा एका कृष्णवर्णीय जनरलनंच सभेत उभं राहून, काळा हा लाजेचा रंग मानता येणार नाही, हे ठणकावलं. शेवटी तडजोड झाली आणि फ्रेडरिक हार्ट यांचा तीन सैनिकांचा पुतळा मान्य झाला. तो भिंतींच्या कोपऱ्यातच उभा करायचा घाट होता. मायानं जाहीरपणे विरोध केला आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ललित कला आयोगानं पुतळा बाजूला, झाडांच्या कडेला हलवला. रचनेचा कोपरा वाचला.

बांधकाम वॉशिंग्टनच्या कूपर-लेकी या कार्यालयानं पाहिलं. मूळ रचनेतली प्रत्येक भिंत २०० फुटांची होती. सगळी नावं बसेनात, म्हणून ती २४६ फूट ९ इंचांपर्यंत वाढवावी लागली. आणि दगड गेला तो भारतातून, बंगळूरचा काळा ग्रॅनाइट. कॅनडा आणि स्वीडनमध्येही काळा दगड मिळतो, पण सैन्यभरती टाळणारे तरुण याच देशांत पळाले होते म्हणून तो नको ठरला. बंगळूरचा दगड व्हरमाँटमधल्या बॅरी गावात कापून झळाळला आणि मेम्फिसमध्ये त्यावर वाळूच्या फवाऱ्यानं अक्षरं उमटली. अक्षरं अर्ध्या इंचाहून जराशी मोठी, वळण हरमान झाप्फ यांच्या ऑप्टिमा टंकाचं. दगड इतका चकचकीत, की नाव वाचताना वाचणाऱ्याचा चेहरा त्या नावावर पडतो. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लोकार्पण झालं, तेव्हा भिंतीवर ५७,९३९ नावं होती. आज ती ५८ हजारांच्या वर गेली आहेत.

पहिल्या दिवसापासून लोक तिथे कागद लावून पेन्सिलीनं नाव घासून उतरवू लागले. पायथ्याशी पत्रं, बूट, पदकं ठेवू लागले. स्पर्धेच्या कुठल्याही अटीत हे नव्हतं. राष्ट्रीय उद्यान सेवा त्या वस्तू गोळा करून जपून ठेवते.

माया लिन पुन्हा वर्गात परतल्या आणि १९८६ मध्ये येलमधूनच आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी घेतली. अलाबामातल्या माँटगोमेरीत १९८९ मध्ये त्यांनी नागरी हक्क चळवळीचं स्मारक केलं. तिथे गोल दगडी मेजावरच्या नावांवरून पाणी वाहत असतं.

पुढे येलनं विद्यापीठातल्या स्त्रियांवर काहीतरी करा म्हणून त्यांना बोलावलं. येलच्या पदवी महाविद्यालयानं मुलींना प्रवेश दिला १९६९ मध्ये, म्हणजे माया तिथे पोहोचली त्याच्या जेमतेम आठ वर्षं आधी. १९९३ मध्ये त्यांनी ग्रंथालयासमोर एक लंबगोल दगडी मेज ठेवलं. मेजावर सर्पिल आकारात आकडे आहेत, त्या त्या वर्षी तिथे किती स्त्रिया शिकत होत्या त्याचे. मधल्या छिद्रातून पाणी वर येतं आणि आकड्यांवरून पसरत जातं. सुरुवातीला नुसती शून्यं आहेत. शून्य, शून्य, शून्य, वेढ्यामागून वेढे. मग एक छोटा आकडा येतो, मग थोडा मोठा. शेवटचा आकडा ते मेज बसवलं त्या वर्षाचा आहे. त्यापुढे सर्पिल बंद केलेलं नाही.