टक लावलेली नजर : मांजर माणसाकडे का पाहते? (लेखांक ५)

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत, म्हणजे २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या मराठी मुलखात, घरातले मांजर बहुधा कोणी विकत आणलेले नसते. ते गुरांच्या कोठ्यातून किंवा शेजारच्या परसातून येते, धान्याच्या पोत्यांभोवती उंदीर सापडतात म्हणून टिकते, आणि त्याच्यासाठी रोज वाटीभर दूध-पोळी बाजूला निघू लागली की घरचे मानले जाते. त्याच्यासाठी दार उघडेच असते, त्यामुळे त्याचा अर्धा दिवस माणसांत आणि अर्धी रात्र इतर मांजरांत जाते. मागील लेखांकात मांजराच्या मिशा आणि कान यांचा विचार झाला. या लेखांकाचा विषय त्याची नजर हा आहे, आणि ती समजून घेण्यासाठी या दुहेरी आयुष्याकडे लक्ष द्यावे लागते, कारण हे जनावर मांजरांच्या जगात जी टक धमकावण्यासाठी लावते, तीच माणसांच्या जगात बहुतेक वेळा विचारण्यासाठी लावते, आणि माणसाचा घोटाळा या दोन अर्थांची अदलाबदल होण्यातून होतो.

प्रथम डोळ्याची घडण. मांजराची बाहुली, म्हणजे डोळ्यात उजेड आत घेणारे छिद्र, उन्हात उभ्या चिरेसारखी बारीक होते आणि अंधारात जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार होते. तिचे क्षेत्रफळ या दोन टोकांमध्ये सुमारे १३५ पट बदलू शकते, तर माणसाच्या बाहुलीचे सुमारे १५ पटच बदलते. अमेरिकेतील बर्कले येथील मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये भूचर प्राण्यांच्या २१४ जातींच्या बाहुल्या तपासून असे दाखवले की उभी चीर प्रामुख्याने दबा धरून झडप घालणाऱ्या आणि जमिनीलगत वावरणाऱ्या शिकाऱ्यांत आढळते, कारण अशा चिरेमुळे भक्ष्य नेमके किती अंतरावर आहे याचा अदमास घेणे सोपे जाते. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा प्रकाश टिपणारा पडदा. मांजराच्या या पडद्यामागे परावर्तक थर असतो, जो न टिपलेला उजेड पुन्हा पडद्यावर परतवतो. रात्री कंदिलाच्या किंवा गाडीच्या दिव्याच्या झोतात मांजराचे डोळे पेटल्यासारखे दिसतात ते याच थरामुळे. अंधुक उजेडात ही रचना उपकारक असली तरी तिची किंमतही आहे: मांजराला बारीक तपशील माणसाइतके स्पष्ट दिसत नाहीत, आणि नाकापासून वीतभर अंतरावरची वस्तू तर त्याला नीट दिसतच नाही. हालचाल टिपण्यात मात्र ते अतिशय तरबेज असते. म्हणून ओसरीवर बसलेले मांजर जेव्हा हालचाल न करता माणसाकडे पाहत राहते, तेव्हा चेहऱ्यावरचे भाव वाचण्यापेक्षा हात कुठे जातो, पाय कुठे वळतात, वाटी कोण उचलते याचा माग ते घेत असते. त्यातच ते माणसाच्या मानाने पापण्या फारच क्वचित मिटते, आणि त्यामुळे त्याचे साधे पाहणेही रोखून पाहिल्यासारखे वाटते.

मांजरे एकमेकांकडे पाहतात तेव्हा प्रकरण निराळे असते. दोन बोके बोळाच्या दोन टोकांना समोरासमोर आले की ते लगेच भिडत नाहीत. पाय ताठ करून, मान किंचित खाली घालून, कान मागे वळवून ते एकमेकांवर नजर रोखतात, आणि बरेचदा पुष्कळ वेळाने त्यांतला एक नजर काढून घेऊन अगदी सावकाश, पळाल्यासारखे दिसू नये इतक्या सावकाश, माघार घेतो. येथे नजर हे शस्त्र आहे, आणि ते पंजा वाचवते, कारण जखमी बोक्याला शिकार करता येत नाही. जो प्राणी मुळात एकट्याने शिकार करणारा आहे त्याच्यासाठी ही व्यवस्था फार मोलाची आहे, आणि घरच्या मांजराने ती अजिबात टाकलेली नाही.

माणसासमोर मात्र त्याच डोळ्यांना दुसरे काम लागले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाजवळच मांजर पुरलेले आढळले आहे, आणि धान्य साठवणाऱ्या पहिल्या वस्त्यांकडे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले, असा या सोबतीचा उगम मानला जातो. म्हणजे सौंसरकडच्या घरात कणगीशेजारी बसलेले मांजर त्या जुन्या करारातच आहे. परंतु हा करार कुत्र्याच्या करारापेक्षा वेगळा आहे. हंगेरीतील आदाम मिक्लोशी यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खाऊ दिसतो पण काढता येत नाही अशी अडचण निर्माण केली, तेव्हा कुत्रे माणसाकडे वळून पाहत, तर मांजरे ते फार कमी करत. उलट इटलीतील इसाबेला मेरोला यांच्या २०१५ च्या अभ्यासात, फडफडणाऱ्या फिती बांधलेला पंखा समोर ठेवल्यावर, २४ मांजरांपैकी बहुसंख्य मांजरांनी पंखा आणि मालक यांच्याकडे आळीपाळीने पाहिले, म्हणजे या नव्या वस्तूचे काय करावे हे ती जणू मालकाकडून जाणून घेत होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर असे म्हणता येते की मांजर माणसाकडे सहज मदत मागत नाही, पण माणूस ही माहिती मिळण्याची जागा आहे हे त्याला ठाऊक असते. त्यावर रोजच्या अनुभवाची भर पडते: पहाटे दूध काढण्याच्या वेळी चरवीकडे आणि ती धरणाऱ्या हाताकडे पाहिले की काही थेंब मिळतात, हे एकदा कळले की ती टक पक्की सवय बनते.

हे दोन अर्थ वेगळे ओळखण्यासाठी डोळ्यांबरोबर बाकीचे शरीरही पाहावे लागते. मांजर सैल बसले असेल, कान पुढे असतील, शेपूट पायांभोवती गुंडाळलेली किंवा उभी असेल आणि पापण्या अर्धवट मिटलेल्या असतील, तर ती टक ओळखीची किंवा अपेक्षेची समजावी. अंग आखडलेले, कान चपटे, शेपटीचे टोक जमिनीवर आपटणारे आणि भर उजेडातही बाहुल्या विस्फारलेल्या असतील, तर ते घाबरलेले किंवा चिडलेले आहे. अशा वेळी हात पुढे करू नये, वाट मोकळी सोडून बाजूला व्हावे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने किमान १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, कारण रेबीज कुत्र्याप्रमाणेच मांजराकडूनही होऊ शकतो.

प्रतिसाद कसा द्यावा या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासातून मिळते. कॅरेन मॅककोम्ब, टॅस्मिन हंफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे दाखवले की मालकाने मांजराकडे पाहून डोळे हळूहळू बारीक करून मिटले, तर मांजरही तसेच डोळे मिटून उत्तर देण्याची शक्यता वाढते, आणि अनोळखी व्यक्तीने असे केले तरी मांजर तिच्या पुढे केलेल्या हाताकडे अधिक विश्वासाने येते. याची रीत सोपी आहे: काही हातांचे अंतर ठेवून, शक्यतो जमिनीवर बसून, चेहरा सैल सोडावा, झोप आल्याप्रमाणे पापण्या सावकाश खाली आणाव्यात, क्षणभर मिटून ठेवाव्यात आणि मग नजर किंचित बाजूला न्यावी. मांजरांच्या व्यवहारात नजर काढून घेणे म्हणजे भांडण नको असे सांगणे, हे वर पाहिलेच; मिटलेली पापणी तेच अधिक मायेने सांगते. मांजराशी डोळ्याला डोळा भिडवण्याचा खेळ लहान मुलांना फार आवडतो, म्हणून ही रीत त्यांना आवर्जून शिकवावी. मात्र प्रत्येक टकेला घास देऊ नये. जेवणाची वेळ ठरलेली असली की मांजराचे मागणेही त्या वेळेपुरते राहते.

या भागात, जसे मराठी मुलखात सर्वत्र, मांजर आडवे गेले तर अपशकुन मानण्याची रीत आहे, आणि त्यामुळे रिकाम्या कोपऱ्याकडे किंवा भिंतीकडे टक लावणाऱ्या मांजराविषयीही सहज शंका घेतली जाते. त्या कोपऱ्यात बहुधा उंदीर असतो. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झच्या वरचा, म्हणजे सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनांचा आवाज ऐकू येत नाही, पण मांजराला त्याच्या तिपटीहून अधिक उंच आवाज ऐकू येतो, आणि उंदरांची आपापसातली चीचीही पुष्कळदा याच पट्ट्यात असते. ज्या परंपरेने बाळांचे रक्षण करणाऱ्या षष्ठी देवीला वाहन म्हणून मांजर दिले, त्या परंपरेत वाढलेल्या घरातून केवळ पाहिल्याबद्दल मांजराला काठी बसावी, हे मनाला लागणारे आहे. त्याला दूर ठेवायचे असेल तर संत्र्याच्या या पट्ट्यात साधन हाताशीच आहे: संत्र्याच्या सालीचा वास बहुतेक मांजरांना नकोसा वाटतो, आणि जिथे ते येऊ नये तिथे चार साली ठेवणे पुरते. सालीचे तेल मात्र त्याच्या अंगावर किंवा अंथरुणावर कधीही शिंपडू नये, कारण त्यातील द्रव्ये मांजराच्या शरीराला बाधतात.

शेतातून फिरताना बांधावर दिसणारे, काहीसे मोठे, लांब पायांचे, आखूड शेपटीचे आणि थांबून वळून पाहणारे मांजर बरेचदा रानमांजर, म्हणजे बाऊल असते. ते घरचे नसते, आणि त्याची टक केवळ अंतर मोजण्यासाठी असते. त्याला उत्तर देऊ नये, आणि पऱ्हाटीत किंवा उसात त्याची पिल्ले सापडली तर ती पोरकी समजून घरी आणू नयेत, कारण आई बहुधा जवळच असते.

शेवटी एक टक अशी असते जिचा अर्थ नजरेत नसून रोगात असतो. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाच्या किंवा गळ्यातील ग्रंथीच्या विकाराने रक्तदाब वाढतो, त्याने दृष्टिपटल सुटू शकते आणि मांजर अचानक आंधळे होऊ शकते; ते समोर पाहत बसलेले दिसते, पण काहीच पाहत नसते. दुसरे कारण वाटीतच असते. टॉरिन हे द्रव्य मांजराच्या डोळ्यांना आणि हृदयाला अत्यावश्यक असून त्याचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळते. दुधातील मुख्य प्रथिनावर, म्हणजे केसीनवर, पोसलेल्या मांजरांचे दृष्टिपटल टॉरिनअभावी झिजते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवले. उंदीर मारणाऱ्या मांजराला ही कमतरता सहसा भासत नाही, परंतु घरात कोंडलेल्या आणि केवळ दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराला ती हमखास भासते, आणि गेलेली दृष्टी मग परत येत नाही. म्हणून भर दुपारी अंगणातल्या उन्हातही ज्याच्या बाहुल्या बारीक होत नाहीत, जे ओळखीच्या उंबऱ्याला अडखळते, त्या मांजराला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. गावात सोय नसेल तर पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही ठिकाणांहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात गुरांबरोबर मांजरेही तपासली जातात.