‘मूर’ ते ‘मगरिबी’ : इंग्रजीतील काही लोकनामे व भाषानामे

एखाद्या समाजाला परक्या भाषेत जे नाव मिळते, त्यातून त्या समाजाची माहिती मिळतेच असे नाही. नाव देणाऱ्याची दृष्टी मात्र निश्चितपणे कळते. उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातील, म्हणजे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया व मॉरिटानिया या देशांतील लोकांना आणि त्यांच्या अरबीला इंग्रजीने वेळोवेळी दिलेली नावे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. प्रस्तुत लेखात या नावांचा स्थूल आढावा घेऊन मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व काय, याचा विचार करावयाचा आहे.

यांपैकी सर्वांत जुने व सर्वपरिचित नाव ‘मूर’ हे होय. रोमन लोक आजच्या मोरोक्कोच्या परिसरातील रहिवाशांना लॅटिनमध्ये ‘माउरी’ म्हणत व त्यांच्या प्रदेशाला ‘माउरेतानिया’. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळचा तो एका प्रदेशातील लोकांचा वाचक होता. मुसलमानांनी आठव्या शतकात स्पेन जिंकल्यानंतर मात्र युरोपीय भाषांत त्याला धर्माचा अर्थ चिकटला आणि कृष्णवर्णाचाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे उपशीर्षक ‘व्हेनिसचा मूर’ असे आहे. येथे ‘मूर’ म्हणजे उत्तर आफ्रिकेतील अरब की कृष्णवर्णीय आफ्रिकी, या प्रश्नावर समीक्षकांनी पुष्कळ चर्चा केली आहे. ती निर्णायक होत नाही, याचे एक कारण त्या काळच्या इंग्रजीत हा शब्दच अनिश्चितार्थक होता, हे आहे.

या शब्दाचा प्रवास आफ्रिकेपुरता मर्यादित राहिला नाही. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर भेटलेल्या मुसलमानांना आपल्या ओळखीचे ‘मोरू’ हेच नाव दिले. पुढे इंग्रजांनीही येथील मुसलमानांना ‘मूर’ म्हटले, आणि हिंदुस्थानी भाषेलाही ‘मूर्स’ म्हणण्याचा प्रघात पाडला. जॉर्ज हॅडली याने १७७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याकरणाच्या शीर्षकातच ही भाषा ‘सामान्यतः मूर्स म्हटली जाणारी’ असल्याचा उल्लेख आहे. माउरेतानियाशी कोणताही संबंध नसलेल्या भाषेला हे नाव मिळावे, यावरून त्याचा मूळ अर्थ किती विरून गेला होता हे ध्यानात येते. श्रीलंकेतील एका मुस्लिम समाजाचे तर ते आजही अधिकृत नाव आहे.

दुसरे नाव प्रदेशवाचक आहे, ते म्हणजे ‘बार्बरी’. अरब लेखक या प्रदेशातील मूळच्या, अरबीहून भिन्न भाषा बोलणाऱ्या लोकांना ‘बर्बर’ म्हणत. ग्रीक ‘बार्बारोस’ व संस्कृत ‘बर्बर’ हे शब्द वाचकांना परिचित आहेत. न समजणाऱ्या बोलण्याचे अनुकरण त्यांच्या मुळाशी असावे, असे मानले जाते. व्यापारासाठी १५८५ मध्ये लंडनमध्ये ‘बार्बरी कंपनी’ स्थापन झाली. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल्-मन्सूर याचा वकील १६०० मध्ये एलिझाबेथ राणीच्या दरबारी आला. त्याचे त्या वेळचे चित्र उपलब्ध असून त्यावरील लॅटिन लेखात त्याला ‘बार्बरीच्या राजाचा वकील’ म्हटले आहे. ज्या राज्याशी इंग्लंडला मैत्री हवी होती, त्याचे नाव उच्चारताना इंग्रजी कानाला ‘रानटी’ या अर्थाचा शब्दही ऐकू यावा, हा विरोधाभास नोंदण्याजोगा आहे. ज्यांना ‘बर्बर’ म्हटले गेले, ते आज स्वतःस ‘अमाझिघ’ म्हणवतात. त्यांच्या भाषेला मोरोक्कोने २०११ मध्ये व अल्जीरियाने २०१६ मध्ये राज्यघटनेत अधिकृत स्थान दिले.

भाषेच्या नावांची कथाही अशीच आहे. बडजेट मीकिन याने १८९१ मध्ये मोरोक्कोच्या अरबीचा परिचय करून देणारे पुस्तक लिहिले, तर रिचर्ड हॅरेल याचे मोरोक्कन अरबीचे संदर्भ-व्याकरण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन्ही नावांत भाषा देशाच्या सीमेशी बांधलेली आहे. भाषाशास्त्राला मात्र ही सीमा पुरेशी वाटत नाही. ग्रांथिक अरबीत ‘मी लिहितो’ याला ‘अक्तुबु’ व ‘आम्ही लिहितो’ याला ‘नक्तुबु’ म्हणतात. पश्चिमेकडील बोलींत एकवचनातही ‘न’ हाच उपसर्ग येतो आणि अनेकवचन दाखविण्यासाठी शेवटी ‘ऊ’ जोडला जातो. हे लक्षण मोरोक्कोपासून लिबियापर्यंत आढळते, तसेच रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या माल्टी भाषेतही. म्हणूनच अभ्यासकांना या सर्वांसाठी ‘मगरिबी अरबी’ असे व्यापक नाव सोयीचे ठरले.

‘मगरिब’ म्हणजे सूर्य मावळण्याचे ठिकाण, पश्चिम. सायंकाळच्या नमाजाचे नाव म्हणून हा शब्द आपल्याकडेही परिचित आहे. इंग्रजीने तो मुख्यतः फ्रेंच वळणाने घेतला. हे नाव अरबीतूनच आलेले असल्याने आधीच्या नावांपेक्षा ते न्याय्य वाटते; तथापि तेही पूर्वेकडून पाहणाऱ्याचे नाव आहे, हे विसरता येत नाही. सामान्य बोलणारा आपल्या भाषेला ‘दारिजा’, म्हणजे प्रचलित, रोजच्या वापरातील भाषा म्हणतो. अलीकडच्या इंग्रजी लेखनात हा शब्दही रूढ होत आहे.

मराठी भाषांतरकाराला या इतिहासाची दखल घ्यावी लागते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले व देवलांनी त्यावरून ‘झुंझारराव’ लिहिले, तेव्हापासून ‘मूर’ या शब्दाचे काय करावे हा प्रश्न आपल्यासमोर आहे. त्यासाठी ‘मुसलमान’, ‘अरब’ किंवा ‘हबशी’ असा शब्द योजला, तर मूळ शब्दातील अनिश्चितता एका बाजूला झुकते. ‘मूर’ तसाच ठेवला, तर वाचकाला टीपेची गरज भासते. यांपैकी दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. समकालीन लेखनाच्या बाबतीत मात्र नियम वेगळा असावा. त्या प्रदेशातील कादंबरीचे इंग्रजीवरून भाषांतर करताना लोकांना ‘अमाझिघ’ व भाषेला ‘दारिजा’ ही त्यांचीच नावे द्यावीत. इंग्रजीच्या वाटेने येणारे जुने गैरसमज मराठीत पुन्हा रुजविण्याचे कारण नाही.