अर्जात नसलेला रकाना

अकरावीला ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लागला की पुण्यातल्या कितीतरी घरांत तबल्याचा, कथकचा, नाटकाचा क्लास सुटतो. तोवर इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची श्रेणी आणि गांधर्वच्या परीक्षांची प्रमाणपत्रं फायलीत लागलेली असतात, कारण दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात. मग आईवडील विचारू लागतात: मुलगी ढोलपथकात आहे, मुलगा मल्लखांब करतो, एकांकिकेत काम करतो, मेडिकलच्या प्रवेशाला याचा काही उपयोग होतो का?

होत नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि त्यातून निघालेला क्रमांक, एवढ्यावरच प्रवेश ठरतो. दोघांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे. २०२५ साली या परीक्षेसाठी २२ लाखांहून अधिक मुलांनी नाव नोंदवलं होतं. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा सीईटी कक्ष याच क्रमांकावर भरतो. तामिळनाडूत नामवंत खेळाडूंसाठी एमबीबीएसच्या मोजक्या जागा राखलेल्या असतात. कलावंतांसाठी आपल्याकडे तसं काही नाही.

पुण्यातच याला एक अपवाद आहे, वानवडीचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं एएफएमसी. तिथेही ‘नीट’चे गुण लागतातच, पण निवडलेल्या मुलांना पुण्याला बोलावून इंग्रजी आणि तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत घेतात. मुलाखतीला ५० गुण असतात. समोर माणसं बसलेली असताना न अडखळता बोलणं, उत्तर येत नसेल तर तसं शांतपणे सांगणं, हे रंगमंचावर उभं राहिलेल्या मुलाला सोपं जातं. मात्र छंद सांगितला तर त्यावर पुढचे प्रश्न येणार हे धरूनच चालावं. गडकिल्ले आवडतात म्हणणाऱ्याला सिंहगडापलीकडचं काही सांगता यायला हवं.

अमेरिकेतल्या मराठी घरांमधलं चित्र वेगळं आहे. तिथल्या मेडिकलच्या सामाईक अर्जात पंधरापर्यंत उपक्रम लिहिता येतात, त्यात छंद आणि कला असे स्वतंत्र प्रकार असतात, आणि सर्वांत अर्थपूर्ण वाटलेल्या तीन उपक्रमांबद्दल सविस्तर लिहायचं असतं. एखाद्या मुलीनं बारा वर्षं भरतनाट्यम केलं असेल, तर निवड करणारे तिच्यातली चिकाटी पाहतात. ब्रिटन आणि कॅनडातल्या अनेक महाविद्यालयांत छोट्या छोट्या मुलाखतींची रांगच असते. त्यात कधी नाराज नातेवाइकाशी बोलायचं असतं आणि नातेवाइकाच्या जागी चक्क नट बसवलेला असतो.

मग ही पद्धत इथे आणावी का? माझं मत आहे, आणू नये. छंदाला गुण मिळाले की कोथरूडमध्ये त्याचेही क्लास निघतील, आणि गडचिरोलीच्या मुलीला ते परवडणार नाहीत. लेखी परीक्षा कठोर असते, पण पोवाडा म्हणणाऱ्या मुलाला आणि पियानो वाजवणाऱ्या मुलाला ती वेगवेगळं मोजत नाही. खरी चूक प्रवेशाच्या नियमात नाही. गुण मिळत नाहीत म्हणून छंद टाकून देण्यात ती आहे.

छंद न टाकताही डॉक्टर होता येतं, हे पाहायला पुण्याच्याच बी. जे. मेडिकल कॉलेजकडे पाहावं. डॉ. श्रीराम लागू तिथेच शिकले. नाटकाचा नाद कॉलेजात लागला, तरी ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले, पुण्यात आणि पुढे टांझानियात त्यांनी व्यवसाय केला, आणि १९६९ साली, वयाच्या चाळिशीनंतर, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. १६ डिसेंबर १९७२ ला ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले डॉ. मोहन आगाशे हे दोघंही बी. जे.चे. पटेलांनी दौंडला दवाखाना चालवला. आगाशे त्याच महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. डॉ. अनिल अवचटही तिथलेच. लाकूडकाम, ओरिगामी, बासरी यांत रमणाऱ्या या माणसानं १९८६ साली पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्यासोबत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं.

यांतल्या कुणालाही कलेमुळे प्रवेश मिळालेला नव्हता. पण कलेचं रुग्णांशी काय नातं असतं ते आगाशे यांच्या कामात दिसतं. ‘अस्तु’ या चित्रपटात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेला विद्वान उभा केला. नैराश्यावरच्या ‘कासव’चे ते सहनिर्माते होते, आणि त्या चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. स्मृतिभ्रंशाचं व्याख्यान ऐकायला जे कधी जाणार नाहीत, अशा घरांपर्यंत ‘अस्तु’ पोचला.

अभ्यासक्रमानंही हे आता मान्य केलं आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे. वाईट बातमी कशी सांगायची, संमती कशी घ्यायची, याचा सराव मुलं भूमिका करून करतात. म्हणजे ज्या गोष्टीला प्रवेशाच्या वेळी शून्य किंमत असते, तीच आत गेल्यावर वर्गात बसवून शिकवावी लागते. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकासारख्या महाविद्यालयीन स्पर्धांच्या तालमीत घाम गाळलेल्या मुलाला समोरच्याचं ऐकून घेण्याची, आवाज सांभाळण्याची सवय आधीच लागलेली असते.

म्हणून पालकांना सांगणं एवढंच: मेडिकलसाठी म्हणून मुलाला नवा, चमकदार छंद लावू नका, त्याचे पैसे वाया जातील. पण त्याला आवडणारं जे आधीपासून चालू आहे, ते बंदही करू नका. अकरावी-बारावीत दोन तासांचा एक तास होईल, स्पर्धा सुटतील, ते चालेल. आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी संध्याकाळी तालमीसाठी एक खोली उघडी ठेवावी, किल्ली मुलांच्याच हाती द्यावी.