एकच माप

दापोली तालुक्यातले आमचे मुरुड लोकांना ठाऊक असते ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव म्हणून, दुर्गादेवीच्या देवळासाठी आणि अलीकडे किनाऱ्यावरच्या पर्यटकांमुळे. बंदुकीसाठी या गावाचे नाव कुणी घेणार नाही. पण माझ्या लहानपणी इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत ठासणीची बंदूक ही काही नवलाईची वस्तू नव्हती. वांदर आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखायला सरकार परवाना देई. आमच्या थोरल्या काकांची, आप्पांची, बंदूक माजघरात खुंटीवर टांगलेली असे. शेजारच्या कोनाड्यात दारूचा डबा, छर्ऱ्यांची पिशवी आणि केपांची डबी. ती चालायची मारण्यासाठी कमी आणि आवाजासाठी जास्त.

बंदूक भरायचे काम गड्याचे. त्याची रीत ठरलेली. पितळी माप डब्यात बुडवायचे, बोटाने सपाट करायचे, नळीत ओतायचे. वर काथ्याची गुंडाळी, गजाने बेताचे ठोके, मग छर्रे, पुन्हा काथ्या. केप मात्र अगदी शेवटी, आणि ती आप्पांनी स्वतः बसवायची. वीस वर्षे हे चालले होते, आणि त्या वीस वर्षांत त्याचा हात एकदाही चुकला नव्हता.

1977 च्या मे महिन्यात ती बंदूक आप्पांच्या हातात फुटली. डाव्या हाताची तीन बोटे गेली. घराने आणि आळीने निकाल देऊन टाकला, गड्याने विसरून दोनदा दारू भरली. तो म्हणत राहिला, "मी येकच माप घातलं." कुणी ऐकले नाही. पाऊस लागायच्या आत त्याला कामावरून काढले.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्या बंदुकीच्या फुटण्यात माझा हात होता हे मला त्याच दिवशी उमगले होते. नेमका कसा, हे समजायला मात्र सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि ते समजले मुरुडपासून हजारो मैलांवर, अमेरिकेत, एका गराजमध्ये.

आप्पांचा नातू कोलोरॅडोत इंजिनिअर आहे. 2024 च्या शरदात आम्ही दोघे नवराबायको त्याच्याकडे महिनाभर राहिलो. कर्वे गुरुजींच्या गावचा हा मुलगा तिकडे रीतसर परवाना काढून एल्क नावाच्या मोठ्या हरणाची शिकार करतो आणि त्यासाठी लागणारी काडतुसे स्वतः भरतो. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे. आपल्याकडे काडतूस भरणे म्हणजे कायद्याने दारूगोळा बनवणे. परवान्यावाचून तो गुन्हा ठरतो. मी नाक मुरडले. तो म्हणाला, "काका, शिकारीला येऊ नका. पण एक दिवस माझ्याबरोबर गराजमध्ये बसा. तुम्ही बँकेतले आहात, तुम्हाला आवडेल."

मी बसलो, आणि खरोखरच आवडले. कारण ते काम बंदुकीपेक्षा खतावणीचेच अधिक होते.

त्याची रायफल मॅग्नम जातीची. मॅग्नम हा शब्द मूळचा शँपेनच्या मोठ्या बाटलीचा. बंदूकवाल्यांनी तो उचलला तो मोठ्या पोटाच्या काडतुसासाठी. 1912 सालचे हॉलंड अँड हॉलंडचे .375 मॅग्नम हे त्यातले एक नामांकित. शिकारीच्या जमान्यात आपल्याकडच्या संस्थानिकांनाही ते परिचित होते. पुतण्याचे होते .300 विंचेस्टर मॅग्नम, 1963 सालचे. पोट मोठे, नळी त्या मानाने अरुंद. अशा काडतुसात चपळ दारू भरली तर गोळी जागची हलते न हलते तोच सगळा वायू तयार होतो आणि दाब नळीच्या सोसण्यापलीकडे जातो. म्हणून इथे मंद जळणारी दारू लागते. गोळी पुढे सरकते, तिच्यामागची जागा वाढते, आणि दारू त्या वाढत्या जागेला पुरा पडेल इतका वायू देत राहते. 'मंद' म्हटले म्हणून फसू नये. गोळी नळीबाहेर पडायला जेमतेम एक-दीड हजारांश सेकंद लागतो. मंद आणि चपळ यांचे सगळे भांडण तेवढ्यातले.

मी म्हटले, "म्हणजे आपल्या चुलीसारखे. झावळी टाकली की भडका, सोडण टाकले की रात्रभर धुमसणे."

"बरोबर," तो म्हणाला, "फक्त ही चूल चारी बाजूंनी बंद आहे. आणि बंद असल्यामुळे एक गोष्ट घडते, ती चुलीत घडत नाही."

ती गोष्ट मला त्याने सांगितली ती अशी. आपली जुनी काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची, दाब वाढला म्हणून फारशी वेगाने जळत नाही. तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता धूर आणि काजळी होऊन राहतो. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू केली. ती जवळजवळ पूर्णपणे वायू होते, आणि दाब वाढला की तिचा जळण्याचा वेगही वाढतो. वेग वाढला की दाब आणखी वाढतो, की पुन्हा वेग. मी चटकन म्हणालो, "काळी दारू म्हणजे सरळ व्याज, आणि ही चक्रवाढ." बँकेतली छत्तीस वर्षे कुठेतरी कामी आली.

या चक्रवाढीला लगाम घालणे हीच मंद दारू करणाऱ्यांची विद्या. दाणा मोठा करायचा. त्याला आरपार भोक पाडायचे, म्हणजे बाहेरून जळताना पृष्ठभाग घटतो तसा आतून वाढतो. दाण्यावर असा लेप द्यायचा की सुरुवातीचा भडका दबेल. दुसऱ्या महायुद्धात 20 मिलिमीटरच्या तोफांसाठी केलेली अशी मंद दारू अमेरिकन सैन्याकडे ढिगांनी उरली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन याने ती विकत घेऊन काडतुसे भरणाऱ्यांना स्वस्तात विकली. 4831 हा तिचा आकडा, आणि तो आकडा त्या जगात आजही चालतो. मॅग्नमचे वेड तिकडे घरोघर पोचले त्याला ही उरलेली दारूही कारण झाली.

आता परीक्षेची गोष्ट. पुतण्याने नव्या दारूचा डबा आणला होता. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा पहिला नियम. दुसरा, डबा बदलला, अगदी त्याच दारूची नवी खेप आली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दारू छापील कोष्टकातल्या कमाल वजनाने सुरू करायची नाही. सुमारे दहा टक्के खाली, कोष्टक सांगेल तिथून. तिथून पुढे अर्ध्या अर्ध्या ग्रेनने वर. ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या निम्म्याएवढा. सोनाराचाच काटा लागतो. दर वजनाची तीन काडतुसे. मैदानावर यंत्राने गोळीचा वेग मोजायचा आणि प्रत्येक काडतुसाचे रिकामे कवच तपासायचे. बूड चेपले आहे का, खटका उघडायला जड गेला का. पण ही लक्षणे उशिरा दिसतात, असे तो बजावून सांगे. ती दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. त्याच्या काडतुसाची मान्य मर्यादा दर चौरस इंचाला 64,000 पौंड. मोटारीच्या चाकातली हवा असते तिसेक पौंडांची.

एका वजनाला वेग अपेक्षेपेक्षा जास्त आला. कोष्टकाप्रमाणे अजून दोन पायऱ्या बाकी होत्या. तो तिथेच थांबला. मी विचारले, "अजून वाव आहे ना?" तो म्हणाला, "काका, वेग फुकट मिळत नाही. पुस्तकातला वेग कमी दारूत आला, म्हणजे दाबही आधीच आलाय."

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. मला वाटे, कमी भरले की सुरक्षित. पण मोठ्या पोटाच्या काडतुसात फार मंद दारू फार कमी भरली, तर क्वचित दाब एकाएकी भयंकर चढल्याचे दाखले आहेत. का, याबाबत तज्ज्ञांचे एकमत नाही. ऊन हा आणखी एक शत्रू. तापलेल्या दारूने दाब वाढतो. म्हणूनच इंग्रज कंपन्या आफ्रिका-हिंदुस्थानसाठी कॉर्डाइट दारूची काडतुसे किंचित हलकी भरत.

त्या रात्री जेवणानंतर मी त्याला 1977 सालची हकीकत सांगितली. तोवर ती कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

आप्पांचे एक स्नेही बाराबोअरची बंदूक घेऊन आले होते. जाताना सहा जुनी काडतुसे विसरून गेले. आप्पांच्या डब्यातली दारू तळाला गेली होती. मी विज्ञान शाखेत नुकताच प्रवेश घेतलेला, स्वतःला शहाणा समजणारा. मी ती काडतुसे कापली, छर्रे वेगळे केले आणि आतली दारू डब्यात ओतली. आप्पांना आनंद होईल, आणि धूरही कमी होईल, एवढाच विचार. दारू ती दारू. दुसऱ्या दिवशी गड्याने नेहमीप्रमाणे डब्यात माप बुडवले.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाराबोअरची दारू ही सगळ्यांत चपळ जातीतली. एका काडतुसात तिची जेमतेम दीड ग्रॅम असते. काळ्या दारूचं माप भरून तीच घातली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट गेली असणार. ती नळी फुटायचीच." आणि क्षणभराने, "म्हणजे तो माणूस खरं बोलत होता."

त्याने कपाटातून आपली वही काढली. प्रत्येक काडतुसाची नोंद: तारीख, खेप, वजन, वेग, हवेचे तापमान. एका पानावर लाल शाईने लिहिले होते, 'डब्याचे झाकण उघडे राहिले. कोणती दारू घातली याची खात्री नाही. पन्नासही काडतुसे मोडली. चूक माझी.' मला एकदम शाखेतले जुने दिवस आठवले. बँकेत चुकीची नोंद खरवडून काढायची नसते. ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करायची आणि सही करायची. मी कित्येक कनिष्ठांना हे शिकवले. स्वतःच्या खात्यातली एक चुकीची नोंद मात्र सत्तेचाळीस वर्षे तशीच पुढे ओढत आलो.

गड्याला जाऊन बरीच वर्षे झाली. आप्पाही गेले, उरलेल्या दोन बोटांनी अडकित्ता धरून सुपारी कातरायला शिकले होते. यंदा मुरुडला गेलो तेव्हा गड्याच्या मुलाच्या घरी गेलो. तो माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. त्याने बसायला खुर्ची दिली, चहा ठेवायला सांगितले. मी सारे सांगितले. सहा काडतुसे, डबा, माप. तो अंगणाकडे बघत ऐकत होता.

"बाबा जाईपर्यंत हेच सांगत होते भाऊ," तो म्हणाला. "येकच माप घातलं होतं म्हनून. शेवटी शेवटी त्यांनाच शंका यायला लागली होती. म्हनायचे, घातलं असंल का रे मी दोनदा?"

हे ऐकल्यावर माझ्याकडे बोलायला काही उरले नाही. आप्पांची बोटे माझ्या अज्ञानाने गेली, त्याला एक वेळ माफी असेल. पण एका नेमक्या हाताच्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला तो माझ्या मौनाने. दारूपेक्षा मंद, आणि शेवटपर्यंत जळत राहिलेले असे ते मौन होते.

निघताना त्याने एवढेच विचारले, "भाऊ, हे चार लोकांत सांगाल काय? आळीतली म्हातारी मानसं अजून तसंच बोलतात."

म्हणून हे लिहिले. गड्याने एकच माप घातले होते. दुसरी दारू डब्यात घालणारा मी होतो.