मीटरच्या पेटीचं प्लॅस्टिक पुन्हा का वितळत नाही?



आठवीला 'मानवनिर्मित पदार्थ' शिकवताना आपण थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेटिंग असे दोन प्रकार सांगतो. मुलं व्याख्या पाठ करतात, पण "असं का होतं?" हे राहूनच जातं. भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे आणि विजेच्या सामानाचे सुटे भाग बनतात. तिथलंच उदाहरण घेऊ या.

आधी स्वयंपाकघरात

तूप थिजतं, वितळतं, पुन्हा थिजतं. बादलीचं प्लॅस्टिक तसंच. पण उकडलेलं अंडं कितीही तापवा, पुन्हा पातळ होत नाही. कुकरची मूठ, विजेच्या मीटरची राखाडी पेटी, गाडीच्या हेडलाइटमधली चकचकीत वाटी, हे सगळे अंड्याच्या जातीचे.

कणकेत काय काय असतं?

अशी पेटी किंवा वाटी बनवायच्या कच्च्या मालाला डीएमसी म्हणतात, म्हणजे चक्क मळलेली कणीक. चादरीच्या रूपात असेल तर एसएमसी.

- पॉलिएस्टर रेझिन: स्टायरिन या द्रवात विरघळवलेलं. हा मुख्य चिकट भाग.
- कॅल्शियम कार्बोनेटची पूड: संगमरवरात असतं तेच रसायन. आकसणं आणि खर्च, दोन्ही कमी करते.
- काचेचे तंतू: मजबुतीसाठी. कणकेत साधारण 6 ते 12 मिमी, चादरीत 25 मिमीच्या आसपास.
- पेरॉक्साइड: अगदी थोडं, पण अभिक्रिया तेच सुरू करतं.
- झिंक स्टिअरेट: तव्याला तेल लावतो तसं, वस्तू साच्याला चिकटू नये म्हणून.
- अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड: विजेच्या सामानात घालतात. खूप तापलं की त्यातून पाण्याची वाफ निघते आणि आग पसरायला अडथळा होतो.

साच्यात काय घडतं?

साचा साधारण 130 ते 160 अंश सेल्सिअसला तापलेला असतो. उष्णतेनं पेरॉक्साइड फुटतं आणि त्याचे मुक्त मूलक रेझिनमधले दुहेरी बंध उघडतात. स्टायरिनचे रेणू दोन साखळ्यांमध्ये पूल बांधतात. काही मिनिटांत सगळ्या साखळ्यांचं एकच जाळं होतं. पूल पक्के सहसंयुज बंधांचे असल्यामुळे साखळ्या एकमेकींवरून घसरू शकत नाहीत. म्हणून पुढे कितीही तापवलं तरी ते वितळत नाही, करपतं. हा रासायनिक बदल आहे, फक्त अवस्थाबदल नाही.

मग फुटलेल्या पेटीचं काय?

हाच गुण कचऱ्यात अडचणीचा ठरतो. बादल्या-मगांच्या भंगारात असा तुकडा गेला तर तो वितळत नाही आणि बाकीचा मालही खराब करतो. म्हणून 'स्वच्छ'च्या ताईंकडे कचरा देताना तो वेगळा द्या.

एक विनंती. ओळख पटवण्यासाठी वर्गात प्लॅस्टिक जाळून दाखवू नका, धूर घातक असतो. फुटलेली पेटी मुलांना करवतीने कापूही देऊ नका. काचेच्या बारीक तंतूंनी कातडीला खाज सुटते आणि धूळ श्वासात जाते. त्याऐवजी मुलांना घरातल्या दहा वस्तूंची यादी करायला सांगा: तुपाच्या जातीच्या कोणत्या, अंड्याच्या कोणत्या? आणि प्रत्येकीपुढे "कशावरून?" हे लिहायला लावा.