गोधडीआडचा आवाज

आष्ट्यातल्या एखाद्या नव्या स्लॅबच्या घरात, अजून सामान न लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी संपते, पण तिच्यामागे एक झणझणती थरथर रेंगाळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. तीन मीटरच्या या खोलीत तो सेकंदभरात शंभराहून जास्त वेळा भिंतींवर आदळतो, आणि गुळगुळीत रंगवलेली भिंत दर धडकेला जेमतेम दोन टक्के आवाज गिळते. शंभर धडका खाऊनही दहाव्या हिश्श्याहून अधिक ऊर्जा शिल्लक राहते!

मग रोजच्या बोलण्यात हे जाणवत का नाही? कारण आपले दोन कान आणि मेंदू मिळून काही मिलिसेकंदांनी मागून येणारे पडसाद मूळ आवाजातच मिसळून टाकतात. ही करामत आपल्या नकळत अखंड चालू असते. माइकला ती येत नाही. म्हणून घरी हौसेनं कथा वाचून रेकॉर्ड करावी, तर ती विहिरीतून बोलल्यासारखी ऐकू येते. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७ साली भारतात आलं, मराठी पुस्तकं कानांनी वाचली जाऊ लागली आणि घरबसल्या वाचन करू पाहणाऱ्या कित्येकांची गाठ या खोलीशी पडली.

यावरचा उपाय १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात सापडला. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते घड्याळ लावून मोजलं. सकाळपूर्वी गाद्या पुन्हा जागेवर! त्यानं शोषणाचं एकक ठरवलं ते उघड्या खिडकीवरून, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्याकडे गाद्यांच्या जोडीला गोधड्या आहेत. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ही हवा जुन्या लुगड्यांच्या थरांतल्या धाग्यांत घासली जाते आणि आवाजाची किंचितशी उष्णता होते. पण गोधडी भिंतीला चिकटवू नका. अगदी भिंतीलगत हवेला हलायला जागाच नसते. ती जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झच्या आवाजासाठी हे अंतर साडेआठ सेंटीमीटर भरतं. म्हणून दोरीवर, भिंतीपासून चार-सहा बोटं सोडून टांगलेली गोधडी कितीतरी जास्त काम करते. तिकडे मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर भोपळा घुमावा म्हणून आयुष्य वेचतात, आणि इथं वाचणाऱ्याला खोली घुमू नये एवढंच हवं असतं. दोघांचं विज्ञान एकच.

गोधडीची ताकद एका ठिकाणी मात्र संपते. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातो, त्याची घरघर १०० हर्ट्झच्या आसपासची असेल तर तिची एकेक लाट साडेतीन मीटर लांब असते. ती कापडाला जुमानत नाही. ती अडवायला वजनदार भिंतच लागते. ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत थांबावं, हेच खरं. उलट वीज जाणं ही पर्वणी समजावी: पंखा आणि फ्रिज दोन्ही गप्प, आणि मोबाईल बॅटरीवर चालूच.

एवढं करूनही सगळ्यात मोठा फरक पडतो तो अंतरानं. माइक एका हातावरून वीतभर अंतरावर आणला, की तुमचा आवाज त्याच्यापाशी कित्येक पटींनी वाढतो, खोलीचे पडसाद मात्र होते तेवढेच राहतात. फक्त तो तोंडासमोर नको, जरा बाजूला हवा. तळहात ओठांपुढे धरून ‘बाकी’ म्हणा, मग ‘भाकरी’ म्हणा. दुसऱ्या वेळी हातावर हवेचा झोत बसतो. ख, थ, ध, भ अशा महाप्राण अक्षरांनी मराठी भरलेली आहे आणि हा झोत थेट माइकच्या पडद्यावर बसला की ‘धप्प’ असा आवाज नोंदला जातो. माइक गालाच्या रेषेत सरकवला की झोत सरळ पुढे निघून जातो. शब्द मात्र सगळीकडे पसरतो, त्यामुळे तो माइकपर्यंत पोचतोच.