निर्धोक वाट

शाळेत जाण्यासाठी उत्तम रस्ता कोणता? “जो सर्वांत जवळचा तो,” असे तुम्ही म्हणाल. “जो निर्धोक तो,” असे तुमचे आईवडील म्हणतील. पुष्कळ गावांत हे दोन रस्ते वेगवेगळे असतात आणि मुले धोक्याचा, पण जवळचा रस्ता धरतात. यात सगळा दोष मुलांचाच असतो काय?

नेदरलँड्स या देशात हा प्रश्न एके काळी फार बिकट झाला होता. १९७१ या एकाच वर्षी तेथे ४०० हून अधिक मुले रस्त्यांवरील अपघातांत प्राणांस मुकली. तेव्हा पालकांनी मोठी चळवळ उभारली.

त्याच सुमारास युट्रेख्त शहराजवळील हौटन या खेड्याचा विस्तार होत होता. रॉब डर्क्स या रचनाकाराने त्याचा आराखडा करताना नेहमीचा क्रम उलटा केला. मोटारींसाठी त्याने गावाभोवती वर्तुळाकार रस्ता आखला. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत मोटारीने जाण्यासाठी बहुधा याच रस्त्याने वळसा घालावा लागतो. सायकलींच्या व पादचाऱ्यांच्या वाटा मात्र सरळ गावाच्या मध्यभागी जातात. पुष्कळशा शाळा या वाटांच्याच कडेला आहेत.

वळसा मोटारीनेच का घालावा? दोन किलोमीटरचा फेरा मोटारीला चार-पाच मिनिटांचा. पायी चालणाऱ्याला तो अर्ध्या तासाचा. शिवाय मोटारीचा वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबेपर्यंत ती सुमारे चौपट अंतर जाते. म्हणून वस्तीत वाहनांचा वेग कमीच असावा लागतो.

आज हौटनची लोकसंख्या सुमारे ५० हजार आहे. २००८ साली त्या देशातील ‘सायकलींचे शहर’ हा बहुमान त्यास मिळाला. तेथे जवळची वाट हीच निर्धोक वाट आहे.

आपले गाव नव्याने वसविता येत नाही, हे खरे. परंतु ते नीट पाहता येते. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. वाहने कोठे भरधाव येतात, पदपथ कोठे तुटतो, रस्ता ओलांडताना कोठे खोळंबावे लागते, तेथे खूण करा. वर्गातील सर्वांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवा. काही खुणा अनेक नकाशांत त्याच जागी आढळतील. त्या जागांची यादी शिक्षकांच्या मदतीने नगरपालिकेकडे पाठवा. दुरुस्तीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.